केळापूर नावाची डिस्क

मोईनभाई गेल्याची बातमी मला ज्याच्याकडून कळायला नको होती, नेमकी त्याच्याकडूनच कळली. सकाळी गॅसवर चहा ठेवला होता, मोबाइल वाजला, पाहते तर आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मजकूर. वर दिव्याचं चित्र, खाली जोडलेले हात आणि मधे लिहिलेलं, ‘संस्थेचे निष्ठावान तंत्रज्ञ मोईनभाई यांचे काल दारव्हा येथे दुःखद निधन. संस्था एका प्रामाणिक सहकाऱ्यास मुकली.’ काल... म्हणजे माती देऊन लोक घरी परतलेसुद्धा होते. चहा उतू गेला, तो मी तसाच जाऊ दिला. खरं सांगते, आधी रडू आलं नाही, आधी संताप आला. ‘प्रामाणिक’ हा शब्द त्या माणसाच्या बोटांतून निघाला कसा, याचंच मला नवल वाटत राहिलं.

महिनाभराने साहेबांचा फोन आला. “मॅडम, पेपरच्या पुरवणीत मोईनवर दोन शब्द तुम्हीच लिहा. तुमचं मराठी चांगलं आहे. संस्थेबद्दलही चार ओळी येऊ द्या. मशीनच्या खोलीले आपण त्याचं नाव देऊन राह्यलो, तेही टाका.” करून करून भागले आणि देवपूजेला लागले म्हणतात ते हेच. मी बरं म्हटलं. माझ्या ‘बरं’वर साहेबांचा जुना विश्वास आहे, तो का आहे ते पुढे येईलच. तेव्हा साहेब, हे घ्या दोन शब्द, थोडे जास्त झालेत. मेलेल्या माणसावर लिहिताना जिवंत माणसांना सांभाळून घ्यायची रीत आहे हे मला ठाऊक आहे. ती मी आज पाळणार नाही.

मोईनभाई मूळचा दारव्ह्याचा. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे बारीक स्क्रू, चिमटा आणि शांतता या तीन गोष्टी त्याला घरातूनच मिळालेल्या. यवतमाळला आमच्या संस्थेत तो कॉम्प्युटर सांभाळायला आला तेव्हा कापसाची वाईट वर्षं सुरू होती. बाहेरून हिरवंगार दिसणारं बोंड हातात घेऊन उकलावं, तर आत गुलाबी अळी आणि सडलेली सरकी. पाकिटावर मात्र लिहिलेलं की या बियाण्याला अळी लागत नाही. संस्थेने एक चांगलं काम हाती घेतलं होतं, आणि ते चांगलं होतं हे मी नाकारत नाही. गावोगावचे लोक उकललेली बोंडं आणि बियाण्याचं पाकीट शेजारी धरून फोटो काढायचे, ते आम्ही गोळा करायचो. पाकिटावरचा नंबर, गाव, शेतकऱ्याचं नाव मी टाइप करायची आणि मोईनभाई ते सगळं जपून ठेवायचा. बियाण्याच्या तक्रारींची सुनावणी व्हायची होती. तिथे हेच फोटो दाखवायचे होते. दुसरा पुरावा कोणाकडे असणार? बोंड काही चार हंगाम टिकत नाही, आणि लोकांच्या मोबाइलमधले फोटो तर जागा भरली की पुसले जायचे.

ते फोटो ज्यात राहायचे ती पेटी लहान फ्रिजएवढी होती. पुढून जाळीचं दार, आत सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक डिस्क. मला वाटायचं, पहिली भरली की दुसरीत जात असेल. मोईनभाई हसला. “नाही ताई. हे एकत्र कुटुंब हाये. सहा भाऊ, कोठी एकच. कोनाचा दाना कुठं पडला ते कोनालेच मालूम नसते. एक भाऊ आजारी पडला तर बाकीचे पाच त्याचं काम ओढून नेतात. पन दोन पडले की घर बसलं.” हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी झोपेतही म्हटलं असतं. म्हणून तर पुढे जे झालं त्यात मला कळलं नाही असं म्हणायची सोय मला राहिलेली नाही.

त्या सहा भावांना त्याने तालुक्यांची नावं दिली होती. यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड आणि केळापूर. तीच नावं पट्ट्यांवर लिहून कप्प्यांवरही चिकटवली होती. मशीन आपणहून जी नावं देतं ती लांबलचक आणि तोंडात न बसणारी असतात, म्हणून ही. नावाचा आणि आतल्या मालाचा काही संबंध नव्हता. केळापूर नावाच्या डिस्कमधे केळापूरचे फोटो नव्हते, सगळ्यांचं सगळ्यांत वाटलेलं होतं. एकदा उमरखेडची डिस्क बिघडली, नवी आणली, आणि मशीनने दिलेलं तिचं नाव बदलून उमरखेड करायचं होतं. त्यासाठी त्याने मला रविवारी सकाळी बोलावलं. मी तर्री-पोह्याची पुडी घेऊन गेले. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. त्याने अर्धा दिवस घेतला. आधी सहाही दिवे हिरवे आहेत का ते पाहिलं. मग सगळी कामं बंद करवली. मग डिस्कच्या अंगावर कारखान्यातून कोरून आलेला नंबर मला मोठ्याने वाचायला लावला, आणि स्क्रीनवरचा त्याने वाचला. दोन्ही जुळल्यावर कागदावर लिहिला. मग सगळा साठा त्याने रीतसर मशीनपासून सोडवला. नाव बदललं ते सगळ्यात शेवटी, आणि त्याला खरोखर पाचच मिनिटं लागली. मग साठा परत जोडला आणि आत सगळं ठीक आहे ना याची तपासणी लावून दिली, ती संध्याकाळपर्यंत चालली.

“नावासाठी एवढा खटाटोप कायले?” मी विचारलं.

“ताई, नाव आपन ठेवतो. नंबर त्याच्या आंगावर कोरून आला. नाव चुकते, नंबर चुकत नाही. आन चालत्या कामात नाव बदललं तर मशीन पाह्यते जुन्या नावाले, हात जाते नव्या नावावर.” मग जरा थांबून म्हणाला, “तुमचंही नाव लग्नात बदललं असंल नं?”

बदललं होतं. माहेरची मी कुसुम. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने ‘सुनंदा’ लिहिलं आणि मी सुनंदा झाले. मात्र शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशन कार्डावर सुनंदा, आणि नवरा गेल्यावर त्याची नोकरीची कागदं सोडवताना ही कुसुम म्हणजेच ही सुनंदा हे सिद्ध करायला मी तहसीलच्या सोळा फेऱ्या मारल्या. हे ऐकून मोईनभाई म्हणाला, “म्हनजे तुमाले कोनं रीतसर सोडवलंच नाही. नुसतं तांदळावर लिवलं.” आम्ही दोघंही खूप हसलो. त्या दिवशीचं त्याचं हसणं मला अजून ऐकू येतं, आणि म्हणूनच साहेबांचा आवाज सहन होत नाही.

आता त्या आठवड्याकडे येते. वणीची डिस्क गेली. लाल दिवा. नवी डिस्क नागपूरहून सोमवारी यायची होती. तोवर पाच भावांवर घर चाललं होतं. मोईनभाईने जाळीच्या दारावर कागद चिकटवला, ‘हात लावू नये’. नेमके शनिवारी पाहुणे येणार होते. पाहुणे म्हणजे पांढरकवड्याकडचे एक वजनदार गृहस्थ, त्यांच्या हातात संस्थेचं बरंच काही होतं. बाहेरगावच्या वाचकांना सांगते, आमच्याकडे तालुक्याचं सरकारी नाव केळापूर, पण तहसील, बाजार, बसस्टँड सगळं पांढरकवड्याला. केळापूर हे शेजारचं लहान गाव. या नावावरून पांढरकवड्याच्या माणसाला डिवचलं की तो दिवसभर थांबत नाही. मागच्या भेटीत या गृहस्थांनी पेटीवरची नावं वाचली होती आणि म्हणाले होते, “आमचं पांढरकवडा कुठं गेलं? केळापूरले कोन वयखते?” ते बोलून विसरलेही असतील. साहेब विसरले नाहीत.

शुक्रवारी दुपारी साहेबांनी मोईनभाईला बोलावलं. मी तिथेच होते. “केळापूरचं पांढरकवडा करून टाक.”

“आता नाही होत साहेब. वणी पडली हाये. एक भाऊ दवाखान्यात असताना दुसऱ्याले दारातून हालवायचं नसते. वणी बरी होऊ द्या, मंग सगळं थांबवतो, नंबर पाह्यतो, सोडवतो, नाव बदलतो.”

“नावच तर बदलायचं आहे बे. बारसं काय मुहूर्त पाहूनच करायचं?”

“बारसं पोरगं जगल्यावर करतात साहेब,” मोईनभाई म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही. साहेबांचा चेहरा उतरला. त्या माणसाला नाही ऐकायची सवय नव्हती, आणि घड्याळजीच्या पोराकडून तर नाहीच. मोईनभाई संध्याकाळच्या गाडीने दारव्ह्याला गेला. भाचीचं लग्न होतं, रजा आधीच मंजूर होती.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास साहेबांनी मला पट्टी छापायला सांगितली. ते छापायचं लहान यंत्र माझ्याच टेबलावर असायचं, दुसऱ्या कोणाला ते चालवता येत नसे. मी म्हटलं, मोईनभाई नको म्हणालेत. साहेब म्हणाले, “तो मशीनमधल्या नावाबद्दल बोलला मॅडम. आपण वरची पट्टी बदलून राह्यलो. पाहुण्यांले पट्टीच दिसते.” मला ते पटलं. पटलं म्हणजे पटवून घेतलं. चकचकीत अक्षरात ‘पांढरकवडा’ छापून दिलं. जुनी पट्टी मोईनभाईच्या हातची, शाईने लिहिलेली, निघता निघेना. तिचं टोक कप्प्याच्या मुठीखाली गेलं होतं. साहेबांनी ब्लेड मागितलं, मी दिलं. ब्लेड पोचेना म्हणून त्यांनी मूठ उघडली. मूठ उघडली की कप्पा सुटतो, हे मला माहीत होतं. माझ्या तोंडून “साहेब...” एवढंच निघालं आणि कप्पा त्यांच्या हातात आला.

पेटीचा आवाज बदलला. मग एक बारीक टिकटिक सुरू झाली. साहेबांनी शांतपणे पट्टी सरळ चिकटवली, अंगठ्याने दाबली, आणि कप्पा परत आत ढकलला. टिकटिक थांबली नाही. मी म्हटलं, मोईनभाईला फोन लावते. “काहून? गावभर करायचं आहे का? पाहुणे बारा वाजता येतात.” त्यांनी पेटी बंद केली, चालू केली. स्क्रीनवर एक प्रश्न आला. जुना साठा पूर्ण सापडत नाही, नवा तयार करायचा का? साहेबांनी तो मला वाचून दाखवला आणि म्हणाले, “नवा म्हणजे चांगलंच.” आणि ‘हो’ दाबलं. बारा वाजता पाहुणे आले. पाच हिरवे दिवे, त्यात एकावर पांढरकवडा. गृहस्थ खूश झाले, साहेबांच्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांनी नाश्ता केला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नवा साठा करताना जुना पुसला गेला होता, पेटीत एकही फोटो उरला नव्हता. दुसरी प्रत ठेवायला आणखी एक मशीन द्या म्हणून मोईनभाईने तीन अर्ज केले होते, तिन्हींवर साहेबांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, पुढील वर्षी विचार करू.

सोमवारी मोईनभाई नवी डिस्क काखोटीला मारून आला. जाळीचं दार उघडलं, त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पट्टी कोणत्या यंत्रावर छापली आणि ते कोण चालवतं हे त्याला विचारायची गरजच नव्हती. दुपारभर स्क्रीनपुढे बसून राहिला. मशीन आपल्या पोटात सगळं लिहून ठेवतं, केव्हा कोणता कप्पा निघाला, केव्हा ‘हो’ दाबलं. तो कागद छापून त्याने साहेबांपुढे ठेवला. “साहेब, कप्पा निघाला तिथंच सोडलं असतं तरी मी जोडून देल्लं असतं. हे ‘हो’ काहून दाबलं?” साहेब म्हणाले, “मशीनमधली वेळ कोणीही बदलू शकते. त्या दिवशी खोलीत कोण होतं, साक्षीदार कोण आहे?” मी चार पावलांवर बसले होते. माझी मुलगी त्या वर्षी कॉलेजात गेली होती, नवरा नव्हता, शेती दिराकडे. ही कारणं खरी आहेत, आणि ती पुरेशी नाहीत.

आठवड्याने अहवाल झाला. ‘डिस्कचे नाव बदलताना तंत्रज्ञाने आवश्यक ती खबरदारी न घेतल्याने...’ असं सुरू होणारं ते वाक्य मीच टाइप केलं. खाली साक्षीदार म्हणून सही माझी. उंदराला मांजर साक्ष, आणि मांजर सोवळं नेसून बसलेलं. मोईनभाईने तो वाचला, माझी सही पाहिली, घडी करून खिशात ठेवला आणि राजीनामा लिहून दिला. सुनावणीत गावोगावच्या लोकांनी सांगितलं तेवढं सांगितलं. फोटो दाखवा म्हटल्यावर दाखवायला काही नव्हतं. त्यांच्या तक्रारी तिथेच संपल्या.

आणि मग गावांनी आपला न्याय केला. यवतमाळच्या बसस्टँडवर एकदा मोईनभाई दारव्ह्याच्या गाडीची वाट पाहत उभा होता, मी पाच-सहा माणसं सोडून मागे. केळापूरकडचा एक शेतकरी, आमच्याकडे नेहमी फोटो घेऊन यायचा, त्याच्यासमोर येऊन थांबला. “काऊन मोईनभाई, आमचे फोटो कोनाले इकले?” शेतकरी त्याच्या पायाशी थुंकला. त्याचं नाव मोईन नसतं तर त्याने फोटो बियाण्याच्या कंपनीला विकल्याची कुजबूज इतक्या वेगाने पसरली नसती, हेही लिहून ठेवते. गाडी आली, गर्दी चढली, त्याने मला पाहिलं. खिडकीतून म्हणाला, “ताई, पोरीचा निकाल लागला का?” मी मान हलवली. गाडी निघून गेल्यावर मी स्टँडवरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले.

साहेब पुढे सचिवाचे अध्यक्ष झाले. मी निवृत्त झाले, शाल मिळाली, ती मी कधी पांघरली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत इतकी वर्षं काढली. मोईनभाई जिवंत असताना ती उघडायचं धैर्य झालं असतं तर या लेखाला काही किंमत होती. आता जे उरलं आहे त्याला सूड म्हणा, मला चालेल. साहेबांचं नाव मी इथे घातलेलं नाही. त्यांना आपलं नाव छापून आलेलं फार आवडतं, कात्रणांची वही आहे त्यांच्याकडे. या एका कात्रणात त्यांनी स्वतःला नावावाचून ओळखावं. यवतमाळात बाकीच्यांना ओळखायला अडचण पडणार नाही.

गेल्या आठवड्यात दारव्ह्याला गेले. तो गेल्याचा चाळिसावा दिवस होऊन गेला होता. भाभी पलंगावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. पट्टी, ब्लेड, सही. मग म्हणाल्या, “ताई, मले पयलेपासून मालूम हाये. त्यायनं तवाच सांगतलं. म्हने, ताईले काही इचारायचं नाही, तिची पोरगी शिकून राह्यली.” मला रडू फुटलं. भाभी तशाच बसून होत्या. पाण्याचा पेला पुढे सरकवला, पण डोळे कोरडे. “रडू नका. मी माफी द्यायले नाही बसली. ना त्या साहेबाले, ना तुमाले. तुमी लोकायनं त्यायचं नाव कागदावर खराब केलं. कागदावरच साफ करून द्या.”

तर देते. त्या शनिवारी केळापूर नावाच्या डिस्कचा कप्पा साहेबांनी ओढला. पट्टी मी छापली, ब्लेड मी दिलं. नवा साठा करायला ‘हो’ साहेबांनी दाबलं. मोईनभाई तेव्हा दारव्ह्याला भाचीच्या लग्नात होता आणि त्याने आदल्याच दिवशी स्पष्ट नाही म्हटलं होतं. लोकांचे फोटो त्याने विकले नाहीत, गमावलेही नाहीत. अहवालावरची माझी सही खोटी आहे. हे मी कोणत्याही चौकशीत, साहेबांच्या समोर उभी राहून सांगायला तयार आहे, आणि तो दिवस यावा अशी माझी फार इच्छा आहे.

निघताना त्याची मुलगी शबाना मला दुकानापर्यंत घेऊन गेली. बाजाराच्या रस्त्यावर एक शटरची खोली, इथेच तो राजीनाम्यानंतर मोबाइल आणि टीव्ही दुरुस्त करत बसायचा. आता तीच बसते. शेजारी चप्पलवाल्याचा बोर्ड, पलीकडे सायकलवाल्याचा, मधे याच्या शटरवर नुसते दोन खिळे. इतकी वर्षं बोर्डच लावला नव्हता. शबाना म्हणाली, “अब्बू म्हनायचे, नाव वाचून कोनी इचारंल, तोच का तू?” आत भिंतीला एक नवा पत्रा टेकवून ठेवला होता, कोरा पांढरा रंगवलेला. त्यावर बापाचं नाव घालायचं होतं. पेंटर दोनदा येऊन गेला, दोन्हीदा आईने त्याला परत पाठवलं. आता म्हणाली, आधी या ताईचं छापून येऊ दे.

“आणि नाही छापलं तर?” मी विचारलं.

“त मंग कोराच लावतो,” शबाना म्हणाली.

पुरवणी रविवारी निघते. पेंटरला तिने सोमवारचं सांगितलं आहे.